संशोधनाची वही

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या एका शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही, असं मी एकदा सांगितलं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, दोन माणसांसमोर. हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. आईबाबांशी तर नाहीच, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोशीही नाही. तिला एवढंच माहीत आहे की घरात कुणी 'संशोधन' हा शब्द काढला की मी पाणी प्यायला उठतो. तिला वाटतं, संशोधन सुटल्याचं दुःख असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. दुःख सांगता येतं.

आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे लांबोळकं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे एक कडुनिंब, ज्याचा बारीक पांढरा फुलोरा उन्हाळा लागला की आमच्या पाण्याच्या पिंपात पडायचा. पहाटे नळ यायचा तेव्हा सगळ्या इमारतीतल्या बादल्या एकदम वाजायच्या, आणि त्या आवाजावरून आई सांगायची, कोण उठलंय, कोण झोपलंय. वरच्या मजल्यावर चक्रवर्ती, शेजारी शर्मा, समोर एक गढवाली कुटुंब. आई गोडा मसाला भाजायला बसली की चक्रवर्तीबाई खिडकी लावून घ्यायच्या, आणि त्या मोहरीच्या तेलात मासे तळायला लागल्या की आई लावायची. यावरून कधी वाद झाला नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, इतक्या निरनिराळ्या माणसांना एका जिन्यावर ठेवायला याहून जास्त काही लागत नसावं.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांचं अक्षर ही आमच्या घरातली एकमेव श्रीमंती. टाक-दौतीच्या दिवसांत घडलेलं, वळणदार, प्रत्येक शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. कायद्यात जे बदल होत त्यांचे मसुदे त्यांच्या टेबलावरून जायचे, आणि त्या फायलींवर हिंदीत मोठ्या अक्षरांत 'संशोधन' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे दुरुस्ती. हिंदीत त्या शब्दाचा तोच अर्थ. बाबांना त्याची मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवत म्हणायचे, "आज दिवसभर संशोधन केलं बुवा. एका कलमात एक स्वल्पविराम घातला."

मी डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे ती सगळ्याच बाबांची असायची. त्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोनदा पानिपत झालं. मग विद्यापीठात वनस्पतिशास्त्र घेतलं. बायोलॉजी घेऊन डॉक्टर न झालेल्या मुलाकडे लोक तेव्हा गाडी चुकलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बघायचे. "बॉटनी? अच्छा अच्छा. फिर उसके बाद?" असं शर्माजी दर दिवाळीला विचारत. त्यानंतर काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं. आमच्या पुढे गेलेली मुलं बी.एड. करून शाळेत चिकटली होती, काही बँकेची परीक्षा देत होती, आणि नुकतीच एक नवी जात दिसायला लागली होती: गळ्यात टाय, हातात काळी बॅग, औषध कंपनीचा माणूस. रविवारच्या पेपरात नोकऱ्यांच्या जाहिरातींची वेगळी पुरवणी यायला लागली होती. गुडगावला नि नोएडाला काचेची ऑफिसं उभी राहताहेत, असं सगळे सांगत. देश खुला झाला म्हणतात तो काळ. आमच्या घरात तो कॉर्नफ्लेक्सच्या एका डब्याच्या रूपाने आला. आईने त्यांचा चिवडा केला.

एम.एस्सी.ला गेल्यावर मात्र बाबांनी मान वर केली. शर्माजींनी त्यांचा प्रश्न विचारायच्या आत तेच म्हणाले, "हमारा लड़का अब संशोधन करेगा."

"किस चीज़ का? कोई बिल आ रहा है क्या?" शर्माजी खरोखरच गोंधळले.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आमचे गाइड भटनागर सर. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी एक भिंग. त्यांनी गाझियाबादला एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता आणि तिथे राहायला गेल्यापासून त्यांच्या पत्नीला दमा सुरू झाला होता. सर कधी बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या कामाचा उगम तिथे होता हे आम्हाला कळत होतं. दिल्लीच्या भोवती शेतं पाडून वसाहती होत होत्या, उकरलेल्या जमिनीवर काँग्रेस गवत माजत होतं, आणि त्या हवेत परागकण किती, कुठले, हे सरांना मोजायचं होतं. पद्धत साधी. काचेच्या स्लाइडला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, ती एक दिवस गच्चीवर ठेवायची, मग आणून गुलाबी रंगाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. तीन गच्च्या होत्या: विद्यापीठाची, सरांच्या सोसायटीची आणि आमच्या क्वार्टरची. आमच्या गच्चीवरची स्लाइड बाबा ठेवायचे नि काढायचे. ऑफिसला जाण्यापूर्वी, हात धुऊन, पूजेतला देव हलवावा तसे.

सरांचा एकच नियम होता. प्रत्येक स्लाइड दोघांनी मोजायची, वेगवेगळी, वेगवेगळ्या वहीत, आणि हंगाम संपेपर्यंत एकमेकांची वही उघडायची नाही. "एक आदमी की आँख झूठ बोल सकती है," ते म्हणत. "दो की एक ही झूठ नहीं बोलेगी."

एक मी होतो, दुसरी सविता. सविता पानिपतहून यायची. पहाटेच्या गाडीने, पासवर, हिवाळ्यात डोक्यापासून शाल गुंडाळून. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून चार वाजता तिला निघावंच लागे, आणि सरांना ते खटकायचं. तिच्या घरी हातमाग होते, कांबळी विणायचे. तिच्या वडिलांनी एम.एस्सी.पर्यंत वेळ दिला होता. सरांच्या प्रकल्पात पुढे पीएच.डी.साठी एक जागा येणार होती, एकच. ती मिळाली तर घरचे आणखी थांबणार होते, नाही मिळाली तर स्थळ ठरल्यासारखंच होतं. हे तिने मला मुंगफली सोलता सोलता, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं होतं. म्हणजे तिचं काय पणाला लागलंय हे मला माहीत नव्हतं, अशी सबब मला नाही.

त्या वर्षी संक्रांतीला ती आमच्याकडे आली. गच्ची बघायला म्हणून आली होती, पण आईने तिला स्वयंपाकघरातच बसवून घेतलं. गुळाची पोळी तव्यावर होती, तुपाचा वास जिन्यापर्यंत गेला होता.

"कहाँ की है तुम?" आईने विचारलं. पंचवीस वर्षं दिल्लीत राहूनही आईचं हिंदी मराठीच होतं, फक्त शेवटी 'है' लागायचं.

"पानीपत की, आंटी."

आईचा हात तव्यावर थांबला. बाबांनी पेपर खाली केला. "पानिपत! आणि आज संक्रांत!"

"क्या हुआ? मैंने कुछ ग़लत बोल दिया?"

"नहीं बेटा," बाबा म्हणाले, "बात ये है कि हमारे यहाँ जब सब कुछ डूब जाता है ना, तब कहते हैं, पानिपत हो गया. लड़ाई हारे थे ना वहाँ, इसी दिन. अब ये हमारे चिरंजीव. डॉक्टरी की परीक्षा में दो बार बैठे, दोनों बार पानिपत."

"हाय राम! मेरा शहर आपके घर में गाली है?"

"गाली नहीं. दुखतं आहे ते... क्या कहते हैं? पुराना दर्द है."

"पर अंकल, हम तो वहाँ बस कंबल बनाते हैं," ती इतक्या भाबडेपणाने म्हणाली की आईला पदर तोंडाला लावावा लागला.

मग आईने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणायला लावलं. तिने म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." स्वच्छ, खणखणीत. बाबा उठून उभेच राहिले. "अरे! हिला ळ येतो! दिल्लीत जन्मलेला आमचा दिवटा अजून तिलगुल म्हणतो, आणि ही पानिपतची पोर बघा!"

"हमारे गाँव में तो सब यही बोलते हैं," ती लाजून म्हणाली. "दिल्ली वाले हँसते हैं हम पर, तो कॉलेज में नहीं बोलती."

निघताना आईने स्टीलच्या डब्यात लाडू भरून दिले आणि बजावलं, "डब्बा खाली वापस नहीं देने का, हं. हमारे में थोडी शक्कर तो भी डालते है." त्या दिवसापासून तो डबा फेऱ्या मारायला लागला. तिच्याकडून पानिपतचं लोणचं यायचं, आमच्याकडून मेतकूट जायचं, तिच्याकडून गाजराचा हलवा, आमच्याकडून थालीपीठं. डबा न्यायचो-आणायचो मी. त्या वसंतातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे रिंग रोडच्या मुद्रिका बसमध्ये मांडीवर असलेलं ते कोमट वजन.

वह्यांचं सांगायचं राहिलं. काम सुरू होणार कळल्यावर बाबांनी दोन जाड वह्या आणल्या. एका रविवारी सबंध दुपार बसून त्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली, कोपरे दुमडून, कुठे सुरकुती नाही. मग पांढरी चिठ्ठी डकवून दोन्हींवर एकच शब्द लिहिला: संशोधन. मी म्हटलं, "बाबा, रिसर्च लिहा ना. तिथं कुणाला कळणार?"

ते म्हणाले, "ऑफिसात आयुष्यभर या शब्दाकडून स्वल्पविराम टाकून घेतले. एकदा तरी त्याला त्याचं खरं काम मिळू दे."

मी त्या वह्या नेल्या, पण लॅबमध्ये बाहेर काढायची लाज वाटली. देवनागरीत चिठ्ठी, शाळेतल्या पोरासारखं खाकी कव्हर. आमच्या वर्गातली मुलं इंग्रजी शाळांतून आलेली, त्यांच्या फायली झुळझुळीत. मी कमला नगरातून एक साधं, काळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर घेतलं. तेवढ्यात सविताच्या वहीवर रंगाची बाटली कलंडली, आणि मी उदार होऊन दोन्ही वह्या तिला देऊन टाकल्या. 

"कितना सुंदर लिखा है! किसने?"

"पापा ने." घरात मी बाबा म्हणायचो. बाहेर पापा.

"संशोधन? किस ग़लती का?"

मी सांगितलं, आमच्यात रिसर्चला म्हणतात. तिने बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. "तुम्हारे यहाँ ढूँढने को कहते हैं, हमारे यहाँ ठीक करने को. दोनों ही काम करूँगी इसमें."

आणि ती करत होती. हातातल्या मोजणीयंत्राचं बटण टिक टिक दाबत ती स्लाइडवरून रेघेरेघेने सरकायची, आकडा लिहायची, आणि जराही शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. पहिला आकडा एका सरळ रेघेने खोडून शेजारी नवा लिहायची. खोडलेला वाचता येईल असा. सरांनीच तसं शिकवलं होतं. माझा मात्र जीव त्यात नव्हता. मी गुपचूप साउथ एक्सटेन्शनला कंप्युटरच्या क्लासला जायला लागलो होतो. घरी सांगायचो लॅबमध्ये आहे, लॅबमध्ये सांगायचो घरी काम आहे. फेब्रुवारीत दोनतीन स्लाइड मोजायच्या राहिल्या. सविता चारला गेली की तिच्या वह्या खणात असत, खणाला कुलूप नव्हतं. मी तिची चालू वही उघडली आणि तिच्या शेवटच्या आकड्यात एखाददुसरा कमी-जास्त करून माझ्या रजिस्टरात उतरवला. मार्चमध्ये निम्म्या स्लाइड तशा झाल्या. एप्रिलमध्ये सगळ्याच. निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही, असं माझं रजिस्टर दिसायला फार देखणं झालं.

मे महिन्यात सरांनी दोघांना बोलावलं. खोलीत कूलर खडखडत होता, खसाच्या ताट्यांचा ओला वास. टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. सर आधी हसतच बोलले. "अप्रैल की हर स्लाइड में बस एक-दो का फ़र्क़. इतना मेल तो मियाँ-बीवी में नहीं होता." मग भिंग काढून सविताच्या पानावर ठेवलं आणि हसू गेलं. "तुम्हारे यहाँ पहले कुछ और लिखा है, सविता. फिर काटकर जो लिखा है, वो इसकी गिनती से मिल जाता है. हर बार."

"सर, जहाँ शक होता है, मैं दोबारा गिनती हूँ."

"और हर बार शक इसकी गिनती पर आकर मिट जाता है?"

तेव्हा मला कळलं की काय झालंय. तिचा खोडलेला आकडा माझ्याशी जुळत नव्हता, खोडून लिहिलेला जुळत होता. कारण मी तो नवाच उतरवला होता. तिच्या प्रामाणिकपणाची प्रत्येक रेघ तिच्याविरुद्ध साक्ष देत होती, आणि माझी लबाडी निळ्या शाईत स्वच्छ बसली होती. सर हुशार होते. समोर होतं त्यावरून निघणारा निष्कर्ष त्यांनी काढला. मी त्यांना कधीच दोष देऊ शकलो नाही.

"मैंने इसकी कॉपी देखी तक नहीं, सर."

सरांनी वही मिटली. बाबांची चिठ्ठी वर आली. ती त्यांनी मोठ्याने वाचली. "संशोधन. चलो, कम से कम ईमानदारी से ऊपर लिख तो दिया, कि आँकड़े ठीक किए गए हैं."

सविताचा चेहरा एकदम उजळला. मला तो अजून दिसतो. बुडत्याला तळ लागावा तसा. "नहीं सर, नहीं! ये तो इसके पापा ने लिखा है. मराठी में रिसर्च को संशोधन कहते हैं. वही भी इसी ने दी थी. इससे पूछ लीजिए."

'वही' हा शब्दही ती आमच्या घरून शिकली होती.

सर माझ्याकडे वळले. "क्यों भई? ऐसा है?"

एक 'जी सर' पुरलं असतं. पण त्या एका क्षणात मला पुढचं सगळं दिसलं. मी हो म्हटलं की सर विचारतील, तुझी वही हिच्याकडे कशी. मग माझं रजिस्टर पुन्हा उघडतील. एवढ्या स्लाइड मोजल्या आणि एकदाही चुकला नाहीस? मग एखादी स्लाइड समोर ठेवून म्हणतील, मोज. मला वाटलं मी विचार करतोय. तोंडाने उत्तर आधीच देऊन टाकलं होतं.

"पता नहीं, सर. मैं तो यहीं पला-बढ़ा हूँ. ऐसा कोई शब्द मैंने सुना नहीं."

सविताने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ती मला पुन्हा मोजत होती. पहिला आकडा एका सरळ रेघेने खोडून तिने शेजारी दुसरा लिहिला, एवढंच. मग ती सरांना म्हणाली, "ठीक है, सर," आणि चार वाजायला बराच वेळ होता तरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आमचा डबा होता. घासून लख्ख केलेला. रिकामाच असेल म्हणून मी उचलला तर आत काहीतरी सरकलं. उघडून पाहिलं, तळाशी मूठभर साखर होती. मी तो डबा तसाच घरी नेला. आईने झाकण काढलं आणि म्हणाली, "लक्षात ठेवलंन हो पोरीने. गुणाची आहे. आता कधी येणारे?" मी म्हटलं, तिच्या परीक्षा आहेत. त्या साखरेचा आईने शिरा केला. मी खाल्ला.

जागा मला मिळाली. बाबांनी सगळ्या जिन्यात पेढे वाटले, शर्माजींना दोन दिले. मी आठ महिने ते काम केलं. त्या अहवालातले अर्धे आकडे एकाच डोळ्याचे होते हे मला माहीत होतं, आणि सरांच्या पत्नी एकदा लॅबमध्ये आल्या, जिना चढून दम लागला म्हणून भिंतीला धरून उभ्या राहिल्या, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. पुढच्या वर्षी एका औषध कंपनीने गुडगावसाठी माणसं घेतली आणि मी टाय बांधला. विकायला पहिल्यांदा मिळाल्या त्या ॲलर्जीच्या गोळ्या. नव्या वसाहतींत त्या फार खपत. ज्या खुर्चीसाठी मी तिला उठवलं त्या खुर्चीवर मी धड बसलोही नाही. सगळ्या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत जास्त टोचतो.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त एकदा गच्चीवर, आता स्लाइड नसलेल्या त्या कठड्याशी उभे असताना त्यांनी विचारलं, "संशोधन सोडलंस म्हणजे अगदीच का रे?"

"हो, बाबा."

"वह्या पुरल्या होत्या?"

"पुरल्या."

"कव्हर टिकलं का?"

"अगदी शेवटपर्यंत," मी म्हणालो. त्यांना बरं वाटलं. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात ती वही माझ्याच हातात होती.

सविताने बी.एड. केलं आणि पानिपतच्या एका शाळेत शिकवायला लागली, एवढं त्या वेळी कानावर आलं होतं. चंदीगडला जाताना मी कितीदा तरी तिच्या गावावरून गेलो. हायवेवर लोणच्यांच्या दुकानांच्या रांगा लागतात. गाडीतले सगळे उतरतात, मी म्हणतो मला ॲसिडिटी आहे.

आता मी कंपनीत नव्या मुलांना शिकवतो. बहुतेक बायोलॉजी घेतलेलीच असतात, डॉक्टर न झालेली, आणि त्यांच्या डोळ्यांत तो शर्माजींचा प्रश्न असतो: फिर उसके बाद? गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली, आस्था. गोळ्यांची नमुन्याची पाकिटं मोजायला दिली की ही दोनदा मोजायची. बाकीची मुलं चिडवायची. मी विचारलं तर म्हणाली, "आदत है सर. स्कूल में हमारी बायो की मैडम थीं, पानीपत में. हर चीज़ दो बार गिनवाती थीं. और पहली गिनती मिटाने नहीं देती थीं."

मी चहा खाली ठेवला. तिचं लक्ष टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडे गेलं. "सर, आप मराठी हैं? तो एक बात पूछूँ? मराठी में रिसर्च को सच में संशोधन कहते हैं? मैडम हमारी प्रैक्टिकल की कॉपी पर यही लिखवाती थीं, ख़ाकी कवर चढ़वाकर. हम लोग कहते थे, मैडम, ये तो करेक्शन होता है. वो कहतीं, नहीं, मराठी में ढूँढने को कहते हैं. हमने कभी माना नहीं."

आयुष्य तोच प्रश्न पुन्हा विचारतं असं मी कुणाकडून ऐकलं असतं तर हसलो असतो.

"हाँ," मी म्हणालो. "हाँ, कहते हैं. तुम्हारी मैडम ठीक कहती थीं."

"देखा!" आस्था आनंदाने म्हणाली. "मैं आज ही उन्हें फ़ोन करके बताती हूँ. क्या बोलूँ सर, किसने कहा? आपका नाम ले लूँ?"

मी म्हणालो, "नाम रहने दो."

म्हणजे तीस वर्षांनी मी निम्मं उत्तर दिलं, चुकीच्या माणसाला, आणि खाली सही केली नाही. आस्थाने फोन केला असेल. कुणीतरी मराठी साहेब हो म्हणाले, एवढं सविताला कळलं असेल. ती हुशार आहे. कदाचित तिने पुढचंही ओळखलं असेल. पण तिने ओळखावं आणि मी सुटावं, हा पुन्हा तिच्याच वहीतून उतरवून घेण्याचा प्रकार झाला.

भटनागर सर आता नाहीत, बाबा नाहीत. सविता आहे, शाळेचा पत्ता मला माहीत आहे, आणि पानिपत इथून दोन तासांवर आहे. मी तिला एक वाक्य देणं लागतो. ते तिच्यासमोर उभं राहून, माझ्या नावानिशी म्हणायचं आहे: ती वही माझ्या बाबांनी लिहिली होती, त्या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता, आणि मोजलं होतं ते फक्त तू. ते मी अजून म्हटलेलं नाही.